स्किपिओ आफ्रिकानस: हॅनिबलला हरवणाऱ्या रोमन सेनापतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅनिबल म्हटलं की बहुतेकांना लगेच आठवतं, हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा तो. पण त्याला शेवटी हरवलं कोणी, असं विचारलं की माणसं अडखळतात. आणि ज्यांना नाव माहीत असतं त्यांच्याही डोक्यात झामाची एक लढाई तेवढी असते. मला हे फार वर्षं खटकत आलंय, कारण झामा ही एका दिवसाची गोष्ट नाहीच, ती पराभवातून शिकत गेलेल्या एका माणसाची सोळा वर्षांची गोष्ट आहे. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र करून सविस्तर उत्तरं लिहितोय.

हा स्किपिओ नक्की कोणता? या नावाचे बरेच जण दिसतात.

बरोबर, गोंधळ होतोच. स्किपिओ हे रोममधल्या कॉर्नेलियस कुळातल्या एका शाखेचं नाव, त्यामुळे आजोबा, वडील, काका, भाऊ, नातू सगळेच स्किपिओ. आपण बोलतोय ते पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओबद्दल, जन्म इ.स.पू. 236 च्या आसपासचा. वडिलांचंही नाव अगदी हेच, पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ, आणि तेही कॉन्सल म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होते. मराठीत कोणी सिपिओ लिहितं, कोणी स्किपिओ, मी स्किपिओ लिहितोय.

'आफ्रिकानस' म्हणजे काय? तो आफ्रिकेचा होता का?

नाही, पक्का रोमचा. आफ्रिकेत, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, हॅनिबलच्या कार्थेज या राज्याला हरवून आला म्हणून हे नाव पडलं. जिंकलेल्या प्रदेशावरून नाव मिळालेला हा पहिलाच रोमन सेनापती, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. पुढे असली नावं मिरवायची रीतच पडली.

तरुणपणी त्याने काय पाहिलं?

हार. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच सांगायचं राहून जातं. इ.स.पू. 218 मध्ये हॅनिबल इटलीत उतरला तेव्हा टिसिनस नदीजवळच्या पहिल्याच चकमकीत वडील जखमी होऊन वेढले गेले आणि जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या या पोराने घोडा आत घालून त्यांना वाचवलं, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, आणि त्याने ते स्किपिओचा जिवलग मित्र लेलियस याच्या तोंडून ऐकलं होतं. (लिव्ही असंही नोंदवतो की एका लेखकाच्या मते वाचवणारा एक लिगुरियन गुलाम होता. म्हणजे शंभर टक्के छातीठोकपणे सांगता येत नाही.)

दोन वर्षांनी कॅनीची लढाई. एका दिवसात रोमची इतकी माणसं मेली की लिव्हीचा आकडा जवळपास 48,000 आहे आणि पॉलिबियसचा त्याहून खूप मोठा. स्किपिओ तिथे होता आणि जिवंत सुटला. रात्री कॅनुसियम गावात उरलेसुरले लोक जमले तेव्हा काही उमराव घराण्यातली पोरं म्हणायला लागली की रोम संपलं, आता जहाज पकडून परदेशी निघून जाऊ. हा तलवार उपसून त्या घरात शिरला आणि एकेकाकडून शपथ घेतली की रोमला सोडणार नाही. वय एकोणीस-वीस! आणि त्याच कॅनीत एमिलियस पॉलस हे कॉन्सल पडले, ज्यांची मुलगी एमिलिया ही स्किपिओची बायको.

पंचविसाव्या वर्षी एवढं मोठं सैन्य त्याच्या हातात कसं दिलं?

दुसरं कोणी पुढे येईना म्हणून, असं लिव्ही सांगतो. इ.स.पू. 211 मध्ये स्पेनमध्ये त्याचे वडील आणि काका, दोघेही थोड्या दिवसांच्या अंतराने लढाईत मारले गेले. जिथे घरातली दोन माणसं गेली तिथे जायला हा स्वतःहून उभा राहिला. नियमाने बघितलं तर तो ना प्रेटर (कॉन्सलच्या खालचं पद) झालेला ना कॉन्सल, त्यामुळे अशा माणसाला प्रोकॉन्सलचा, म्हणजे कॉन्सलच्या तोलाचा, अधिकार देणं ही रोमच्या इतिहासातली नवीनच गोष्ट होती. वयाचा अडथळा त्याला आधीही आला होता, इ.स.पू. 213 मध्ये ईडाइल या खालच्या पदासाठी उभा राहिला तेव्हा लोकांनी आक्षेप घेतला, तर म्हणाला की रोमच्या जनतेला मी हवा असेन तर माझं वय पुरेसं आहे. आणि निवडून आला.

न्यू कार्थेजचा विजय एवढा का गाजतो?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबेल.

स्पेनमध्ये कार्थेजच्या तीन फौजा होत्या, पण तिघांचं आपसात पटत नव्हतं आणि तिघंही न्यू कार्थेजपासून, म्हणजे आजच्या कार्टाहेनापासून, दहा दिवसांच्या वाटेवर तरी होते. हे शहर म्हणजे त्यांचं बंदर, खजिना, कोठार सगळं, स्पॅनिश टोळ्यांचे ओलीससुद्धा तिथेच ठेवलेले, आणि राखायला शिबंदी किती, तर हजारेक. सगळे म्हणत असणार की आधी एखादी फौज गाठून लढ, याने थेट शहरच धरलं. बेत फक्त लेलियसला सांगितला, जो आरमार घेऊन समुद्रातून निघाला. बाकी कोणालाही पत्ता नाही.

शहराच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण. स्किपिओने हिवाळाभर काय केलं, तर तिथे काम केलेल्या कोळ्यांना विचारत बसला. त्यांनी सांगितलं की खाजण उथळ आहे, चालत जाता येतं आणि बहुतेक दिवशी संध्याकाळकडे पाणी ओसरतं. एवढी एक माहिती. मग त्याने सैनिकांना सांगितलं की समुद्रदेव नेपच्यून माझ्या स्वप्नात आला होता आणि ऐन वेळी मदत करणार आहे. दिवसभर वेशीच्या बाजूने जोरात हल्ला चालू ठेवला, शहरातले सगळे तिकडेच धावले, आणि पाणी उतरायला लागलं तसे पाचशे माणसांना शिड्या देऊन खाजणातून पाठवलं. त्या बाजूच्या तटावर चिटपाखरू नव्हतं, आत उतरले आणि शहर पडलं. सैनिकांना वाटलं देवच पाणी काढून घेतोय. पॉलिबियसला याचं वाईट वाटायचं की लोक हे नशीब किंवा दैवी कृपा म्हणतात, कारण त्याच्या मते हा हिशोब होता, आणि मला पॉलिबियसचं पूर्ण पटतं. सेनापतीने कोळ्यांसमोर बसून भरती-ओहोटी समजून घेणं, हे मला कुठल्याही तलवारबाजीपेक्षा मोठं वाटतं.

त्या सुंदर मुलीची गोष्ट खरी आहे का?

न्यू कार्थेज पडल्यावर सैनिकांनी एक फार देखणी तरुणी त्याच्यापुढे आणली. पॉलिबियस म्हणतो त्याने तिला वडिलांच्या हवाली केलं. लिव्हीकडे गोष्ट वाढते, तिचं लग्न ठरलेलं असतं, अल्युसियस नावाच्या तरुण सरदाराशी, स्किपिओ त्याला बोलावून मुलगी सोपवतो, आई-वडील सोडवणुकीसाठी सोनं आणतात ते हा घेतो आणि तसंच नवऱ्या मुलाला लग्नाचा आहेर म्हणून देऊन टाकतो. काही दिवसांनी अल्युसियस 1400 निवडक घोडेस्वार घेऊन त्याला येऊन मिळतो. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी हा प्रसंग शेकडो वर्षं रंगवला. तपशील वाढलेले असू शकतात पण मूळ गोष्ट दोघांकडेही आहे, आणि तीनशेहून जास्त ओलिसांना घरी पाठवायची तजवीज त्याने केली हेही आहे.

मग तो दयाळू होता असं म्हणायचं का?

सरसकट नाही म्हणता येत. त्याच न्यू कार्थेजमध्ये शिरल्या शिरल्या दिसेल त्याला कापा असा हुकूम त्याने दिला होता, पॉलिबियस तर कुत्रेसुद्धा दोन तुकडे करून पडलेले होते असं लिहितो, आणि ही रोमन पद्धतच होती दहशत बसवायची. इलितुर्गी गावात तर बायका आणि तान्ही मुलंही सोडली नाहीत, गाव जाळलं, कारण त्या गावाने आधी आश्रयाला आलेल्या रोमन सैनिकांना मारलं होतं. सुक्रोच्या छावणीत पगार थकला म्हणून शिपायांनी बंड केलं तेव्हा त्यांना बोलावून घेऊन 35 म्होरक्यांची मुंडकी सगळ्यांसमोर उडवली. मी त्याचा चाहता आहे, लपवत नाही, पण हे वगळून त्याच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही. त्याची दया खरी होती आणि तिच्या मागे हिशोबही होता, दोन्ही एकाच माणसात होतं.

इलिपाच्या लढाईत काय विशेष?

न्याहारी! इ.स.पू. 206, आजच्या सेव्हिलच्या जवळ. दोन्ही सैन्यं रोज उशिरा बाहेर पडायची, समोरासमोर उभी राहायची आणि परत जायची, दोघांचेही तगडे लोक मध्यभागी. काही दिवस हे असंच चालू दिलं, मग एके रात्री स्किपिओने हुकूम सोडला की पहाटेच जेवून तयार राहा, आणि उजाडता उजाडता शत्रूच्या छावणीवर चाल केली. कार्थेजवाले उपाशीपोटी धावत बाहेर आले आणि सवयीप्रमाणे उभे राहिले, तर समोर रचना उलटी, रोमन तुकड्या दोन्ही टोकांना आणि स्पॅनिश मित्रसेना मध्ये. त्यांची सगळ्यात चांगली फौज मध्ये नुसती उभी राहिली आणि टोकं कापली गेली. त्यानंतर स्पेन कार्थेजच्या हातून गेलंच. जखमी सैनिकांसाठी त्याने तिथे इटालिका नावाचं गाव वसवलं, पुढे सम्राट ट्राजन त्याच गावात जन्मला.

फेबियस मॅक्सिमसने त्याला विरोध का केला?

फेबियस म्हणजे रोमचा वडीलधारा माणूस, हॅनिबलशी समोरासमोर न लढता त्याला झिजवायचं हे धोरण त्याचं, आणि त्या धोरणामुळे रोम वाचलं हे मान्यच करायला हवं. इ.स.पू. 205 मध्ये स्किपिओ कॉन्सल झाला आणि म्हणाला, युद्ध आफ्रिकेत नेऊ, म्हणजे हॅनिबलला आपोआप इटली सोडावी लागेल. फेबियसचं म्हणणं, शत्रू घरात बसलेला असताना तू बाहेर कुठे चाललास? भीती रास्त होती. शेवटी सिनेटने त्याला सिसिली दिली आणि गरज वाटल्यास आफ्रिकेत जायची परवानगी दिली, पण नवी फौज उभारायला नकार. मग सुमारे 7000 स्वयंसेवक घेऊन हा निघाला.

सिसिलीत त्याने वर्षभर काय केलं?

रोममधले विरोधक म्हणत होते, मजा करतोय. सिरॅक्यूजमध्ये ग्रीक कपडे घालून, पायात चपला, हातात पुस्तकं, व्यायामशाळेत फिरतोय. चौकशीला शिष्टमंडळ आलं. त्याने एक शब्द न बोलता त्यांच्यासमोर सैन्याची कवायत केली, आरमाराचा सराव दाखवला, कोठारं उघडून दाखवली. मंडळी गार पडली आणि परत जाऊन त्याच्या बाजूने बोलली.

घोडदळ कसं उभं केलं तेही ऐकण्यासारखं आहे. सिसिलीतल्या 300 श्रीमंत तरुणांना घोडा आणि हत्यारं घेऊन बोलावलं. ती पोरं आणि त्यांचे आईबाप धास्तावलेले. स्किपिओ म्हणाला, कोणाला यायचं नसेल तर आत्ताच मोकळेपणाने सांगा, नंतर कुरकूर नको. एकाने धीर करून सांगितलं की मला नाही यायचं. ठीक आहे, मग मी देतो त्या माणसाला तुझा घोडा आणि हत्यारं दे, घरी ने आणि चांगलं शिकव. बाकीच्यांनीही पटापट तेच केलं. अशा तऱ्हेने सरकारचा एक पैसा न लागता 300 तयार स्वार मिळाले.

पण सिसिलीतली खरी गोष्ट दुसरीच आहे. कॅनीतून जिवंत परतलेल्या सैनिकांना सिनेटने शिक्षा म्हणून तिथे टाकलं होतं, युद्ध संपेपर्यंत घरी परतायचं नाही. गुन्हा काय, तर मेले नाहीत. त्याच लढाईतून वाचलेले उमरावांचे मुलगे पदं भूषवत होते, खुद्द स्किपिओ त्यातलाच, आणि हे साधे शिपाई वर्षानुवर्षं कलंक घेऊन पडलेले. स्किपिओला ठाऊक होतं की कॅनी या लोकांच्या भित्रेपणाने हरलेलो नाही. हे आता रोमचे सगळ्यात मुरलेले शिपाई आहेत, वेढ्याच्या कामात तर विशेष. तो एकेका माणसाजवळ गेला, जे थकले होते त्यांच्या जागी नवे घेतले आणि त्या दोन लेजिअन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी), पाचवी आणि सहावी, आफ्रिकेला नेण्यासाठी निवडल्या. इ.स.पू. 204 मध्ये 40 युद्धनौका आणि 400 मालवाहू जहाजं आजच्या मार्सालाच्या बंदरातून निघाली त्यात हे लोक होते. मी जेव्हा जेव्हा झामाबद्दल वाचतो तेव्हा मला सेनापती नंतर दिसतो, आधी ही माणसं दिसतात.

छावण्या जाळल्या तो दगा नव्हता का?

दगाच होता, गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. युटिका शहराजवळ कार्थेजचा हसद्रुबल आणि शेजारच्या नुमिडियाचा राजा सिफॅक्स यांच्या छावण्या होत्या, लाकूड आणि बोरू-गवताच्या झोपड्यांच्या. स्किपिओने तहाची बोलणी लावली आणि दूतांबरोबर नोकरांच्या वेशात अनुभवी लोक पाठवून छावण्यांची वाट न वाट पाहून घेतली. मग बोलणी मोडली आणि इ.स.पू. 203 मध्ये एका रात्री दोन्ही पेटवून दिल्या. आग आपोआप लागली समजून माणसं निःशस्त्र बाहेर पळाली आणि मारली गेली. पॉलिबियस हे त्याचं सगळ्यात जबरदस्त काम मानतो, मला ते वाचताना अंगावर काटा येतो.

झामाला हॅनिबल हरला कसा?

मोठं कारण घोडदळ. आणि त्याची सुरुवात सहा वर्षं आधी झालेली. इ.स.पू. 208 मध्ये स्पेनमधल्या बेकुलाच्या लढाईनंतर कैद्यांत एक नुमिडियन पोरगा सापडला, मासिवा, मामाने नको म्हटलं असताना गुपचूप घोडा घेऊन लढायला आलेला. स्किपिओने त्याला अंगठी, अंगरखा, सोन्याची पिन आणि सजवलेला घोडा देऊन सन्मानाने घरी पाठवलं. मामा कोण, तर मासिनिसा, जो तेव्हा कार्थेजच्या बाजूने लढत होता. तोच मासिनिसा पुढे रोमकडे वळला आणि झामाला 4000 घोडेस्वार आणि 6000 पायदळ घेऊन हजर झाला. राजकारण अर्थात होतंच त्यात, पण त्या पोराला विसरून चालणार नाही.

लढाईआधी हॅनिबलचे हेर पकडले गेले, तर स्किपिओने त्यांना मारलं नाही, सगळी छावणी फिरवून दाखवली आणि सोडून दिलं. मग दोघे सेनापती मोकळ्या मैदानात दुभाषे घेऊन भेटले. हॅनिबल पंचेचाळिशीचा, हा तेहतीस-चौतीसचा. तह जमला नाही.

इ.स.पू. 202. हॅनिबलकडे 80 हून जास्त हत्ती. स्किपिओने तुकड्या नेहमीसारख्या बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून-पालटून न ठेवता एकामागे एक उभ्या केल्या, म्हणजे मध्ये सरळ गल्ल्या राहिल्या, आणि त्या हलक्या पायदळाने झाकल्या. हत्ती आले, शिंगं-कर्णे एकदम फुंकले, काही बिथरून उलटे आपल्याच घोडदळावर गेले, काही गल्ल्यांतून आरपार निघून गेले. लेलियस आणि मासिनिसा शत्रूच्या स्वारांना पळवत दूर गेले. मध्ये पायदळ भिडलं आणि जमीन रक्ताने, प्रेतांनी इतकी निसरडी झाली की पुढे पाऊल टाकता येईना. इथे त्याने जे केलं ते फार कमी लोक करू शकतात, ऐन रणात कर्णा फुंकून आपली माणसं थांबवली, जखमी मागे नेले, रांग पुन्हा लावून लांब केली आणि मगच हॅनिबलच्या जुन्या, इटलीत मुरलेल्या सैनिकांना भिडला. दोघे तुल्यबळ होते, आणि तेवढ्यात घोडदळ परतून मागून आलं. कॅनीला हॅनिबलने नेमकं हेच केलं होतं, घोडदळ मागून. चौदा वर्षांनी तेच, आणि कॅनीच्याच शिपायांसमोर.

त्या हत्तींचा भारताशी काही संबंध?

झामाच्या हत्तींचा नाही, कार्थेजचे हत्ती उत्तर आफ्रिकेतले, अंगाने लहान. पण स्किपिओच्या पुढच्या युद्धात आहे. सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस इ.स.पू. 206 च्या सुमारास हिंदुकुश ओलांडून आला होता आणि पॉलिबियस ज्याला सोफागासेनस म्हणतो त्या भारतीय राजाकडून हत्ती घेऊन गेला होता. रोमविरुद्ध मॅग्नेशियाच्या लढाईत अँटिओकसकडे 54 हत्ती होते. रोमकडे 16 आफ्रिकन, ते मागेच ठेवले, कारण भारतीय हत्तींपुढे त्यांचा निभाव लागत नाही असं लिव्ही लिहितो. त्या लढाईत सेनापती स्किपिओचा भाऊ लुशियस होता, हा स्वतः आजारी पडून मागे राहिला होता.

कार्थेज त्यानेच बेचिराख केलं ना?

नाही! ही सगळ्यात जास्त होणारी चूक. याने कार्थेजला 10,000 टॅलेंट (टॅलेंट हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी 50 वर्षांत भरायला लावली, आरमार दहा जहाजांवर आणलं, हत्ती ठेवायला बंदी, रोमला विचारल्याशिवाय युद्ध नाही, पण शहर राहू दिलं. इ.स.पू. 146 मध्ये ते उद्ध्वस्त केलं स्किपिओ एमिलियानसने, जो याच्या मुलाचा दत्तक मुलगा.

हॅनिबलचं पुढे काय झालं, यांचं वैर राहिलं का?

उलट. रोममधले लोक कार्थेजच्या भांडणात पडून हॅनिबलला पकडायला निघाले तेव्हा सिनेटमध्ये स्किपिओनेच विरोध केला, आपल्याला हे शोभत नाही म्हणून. पुढे एफिससला दोघं भेटले अशी एक आख्यायिका आहे, हॅनिबलने मोठे सेनापती मोजले, आधी अलेक्झांडर, मग पिरस, मग मी. स्किपिओने विचारलं, आणि तू मला हरवलं असतंस तर? तर मी पहिला असतो. पुराव्याने पक्की म्हणता येत नाही पण लिव्हीने दिलीय आणि दोघांनाही शोभते.

मग रोमने त्याच्याशी असं का वागावं?

मत्सर, भीती आणि पैशाचा हिशोब. एकच माणूस एवढा मोठा झालेला रोमच्या सिनेटला चालत नसे, आणि केटो नावाचा सिनेटर त्याच्या हात धुऊन मागे लागला होता. अँटिओकसकडून आलेल्या पैशाचा हिशोब मागितला तेव्हा स्किपिओने वही आणवली, सगळ्यांसमोर फाडली आणि म्हणाला, शोधा यात. आणि बाकीच्यांना विचारलं, 3000 टॅलेंट कसे खर्च झाले हे विचारता, 15,000 टॅलेंट तुमच्याकडे येतायत ते कसे येतायत हे नाही विचारत? खटल्यांबद्दल जुन्या लेखकांतच एकवाक्यता नाही, पण एक प्रसंग सगळ्यांना आवडायचा: सुनावणीच्या दिवशी तो म्हणाला, आज हॅनिबलला हरवलं तो दिवस आहे, मी कॅपिटॉल टेकडीवरच्या देवळात देवाचे आभार मानायला चाललोय, आणि सगळी गर्दी त्याच्या मागे गेली, आरोप करणारे एकटे उरले. माझं मत विचाराल तर हिशोब द्यायला हवा होता. वही फाडणं दिसायला रुबाबदार आहे पण सार्वजनिक पैसा होता तो.

त्यानंतर तो रोम सोडून लिटर्नमला, नेपल्सच्या उत्तरेला समुद्राकाठी, राहायला गेला आणि तिथेच इ.स.पू. 183 च्या सुमारास वारला. 'कृतघ्न मायभूमी, तुला माझी हाडंसुद्धा मिळणार नाहीत' असं थडग्यावर लिहायला सांगितलं, असं नंतरचे लेखक सांगतात.

घरात पुढे कोण?

मुलगी कॉर्नेलिया. तिचं लग्न टायबेरियस ग्रॅकसशी झालं, जो स्किपिओचा राजकीय विरोधक असूनही लुशियसला तुरुंगात टाकायची वेळ आली तेव्हा मध्ये पडला होता. तिला बारा मुलं झाली, जगली तीन. त्यातले दोन म्हणजे गरिबांना जमीन मिळावी म्हणून जीव गमावलेले ग्रॅकस बंधू.

आज पाहायला काय उरलंय?

रोममध्ये आपियन रस्त्यावर स्किपिओ घराण्याची भुयारी थडगी आहेत, पण आपला स्किपिओ बहुधा तिथे नाही. स्पेनमध्ये इटालिकाचे अवशेष आहेत, मोठं अँफिथिएटर आहे. इटलीच्या राष्ट्रगीतात त्याच्या शिरस्त्राणाचा उल्लेख येतो. आणि लिटर्नमचे अवशेष पात्रिया नावाच्या तळ्याच्या काठी आहेत. जवळपास अडीचशे वर्षांनी तत्त्वज्ञ सेनेका त्याच्या तिथल्या वाड्यात राहिला होता, तो लिहितो की न्हाणीघर अरुंद आणि काळोखं होतं, भिंतीत खिडक्या कसल्या, नुसत्या फटी, आणि हॅनिबलला हरवणारा माणूस स्वतः शेतात राबून दमून इथे अंग धुवायचा. लिव्हीनेही तिथलं स्मारक डोळ्यांनी पाहिलं, त्यावर स्किपिओचा पुतळा होता, पण तो गेला त्याच्या थोडं आधीच वादळाने तो खाली पाडला होता.